हिरवा गाल

६ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र लिहायचं टाळत होतो हे आधीच कबूल करतो, म्हणजे ते सुनावायचे तुझे कष्ट वाचतील. एकदा कागद घेऊन बसलो होतो, तेवढ्यात खालच्या गल्लीत कुणाचं तरी कपाट दोराने खिडकीतून उतरवत होते. बघायला गेलो, हात लावला आणि संध्याकाळ तिथेच झाली. कपाटाच्या तळाला घोड्याची नाल ठोकलेली होती, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. असो. खरं कारण असं की तुला काय लिहावं तेच ठरत नव्हतं. मी जिथे आहे तिथे कुठेतरी पाणी मुरतंय, आणि कुठे ते सापडत नाही.

सरळ सांगतो. मी चित्र काढायला शिकतोय. तेलरंगात, माणसाचा चेहरा. दाजींना हसू दे, तू हसू नकोस.

इथल्या संग्रहालयाच्या मागे एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या टाकायचे. तिच्या खिडक्या रंगवायच्या कामावर मी आलो होतो. आत एक म्हातारे चित्रकार शिकवतात, त्यांना सगळे सर म्हणतात. सगळे म्हणजे मी आणि पहाऱ्यावरच्या बाई, कारण सध्या दुसरा विद्यार्थी नाही. खिडकी रंगवताना मी नेहमीसारखा स्वतःशी बडबडत होतो, इथे जाड झाला, आता खालून वर ओढू, हा कोपरा सुकू दे. आतून आवाज आला, "हातात आहे तेच तोंडात असतं का रे तुझ्या?"

म्हटलं, "सवय आहे. घरचे वैतागतात."

"उद्यापासून आत ये," ते म्हणाले.

शिकवायची रीत अशी की नवं काही काढायचंच नाही. संग्रहालयात एक चित्र आहे, दोनशे वर्षांपूर्वीचं, त्याची नक्कल करायची. त्या काळाला रोमँटिक म्हणतात. मी आपला चित्रात फूलबिल शोधत होतो. तसलं काही नाही. एक तरुण माणूस आहे, काळा कोट, गळ्याचा पांढरा रुमाल सुटलेला, केस विस्कटलेले आणि मागे ढग. कोण होता कुणास ठाऊक. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि बघतोय तुझ्या खांद्यावरून पलीकडे. मी त्याला वाऱ्यावरचा म्हणतो. आधी सगळा चेहरा नुसत्या राखाडीत करायचा. सर त्याला मेलेला थर म्हणतात. तो सुकला की वरून रंग चढवत त्याला जिवंत करायचं. आणि प्रत्येक वेळी ब्रश टेकवण्याआधी मोठ्याने सांगायचं, कुठला रंग, किती आणि कुठे. न बोलता ब्रश टेकवला की सर काठी आपटतात.

आता संशयाचं. एक, संग्रहालयाचा नियम आहे की नक्कल मूळ चित्रापेक्षा वीतभर तरी लहान हवी. पहाऱ्यावरच्या बाई शिंप्याच्या टेपने माझा कॅनव्हास मोजतात. पण खोलीत कोपऱ्यात दुसरा एक कॅनव्हास भिंतीला टेकून उभा आहे, वर जाड कापड, आणि तो बरोबर मूळ चित्राच्या मापाचा आहे. त्याला हात लावायचा नाही. दोन, गेल्या आठवड्यात बाजारात सर समोरून आले. मी नमस्कार केला. माझ्याकडे बघत बघत निघून गेले. तासाभरापूर्वी याच माणसाने मला नाकपुडीची सावली समजावली होती.

चांगला माणूस आहे की बनेल, तूच सांग. पण चित्र मात्र येतंय, ताई. खरंच येतंय.

तुझा
भिंगरी


१५ जानेवारी

भिंगरी,

पत्र मिळालं. दाजींनी पाकीट आधी उजेडात धरून पाहिलं, मग मला दिलं.

बस स्टँडच्या पार्सल खिडकीवर बसून माझे केस पिकायला लागलेत. 'काचसामान, सांभाळून' असं लिहिलेलं खोकं आलं की मी ते हळूच हलवते. आत काच असेल तर ती किणकिणते. नाही किणकिणली तर काच नाही. तुझं पत्र मी तसंच हलवून पाहिलं. त्यात चित्र शिकणं किणकिणत नाही, दुसरंच काहीतरी घसरतंय.

तू घड्याळं दुरुस्त करायला शिकलास, नव्याचे नऊ दिवस. मग ट्रकवर गेलास. मग मधमाश्या. मधमाश्यांची पेटी अजून आमच्या गॅलरीत आहे, दाजी तिच्यावर चपला ठेवतात. त्यामुळे तू शिकतोयस यावर माझा विश्वास बसायला वेळ लागेल, आणि ते सर आहेत यावर त्याहून जास्त.

मूळ चित्राच्या मापाचा कॅनव्हास, वर कापड, आणि खोली संग्रहालयाला चिकटून. एवढं तुझ्या डोक्यात येत नाही? एक दिवस खरं चित्र भिंतीवरून खाली आणि खोटं वर. पोलीस आले की ब्रश कुणाच्या हातात सापडणार? रस्त्यात ओळख दाखवत नाहीत ते याच्याचसाठी. उद्या म्हणायला मोकळे, मी या पोराला ओळखत नाही.

आमच्या इथे वजनकाट्यावरची जागा रिकामी झाली आहे. कायमची आहे. साहेबांना सांगून फेब्रुवारी संपेपर्यंत मी ती तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. त्यापुढे धरता येणार नाही, मागे माणसं लागली आहेत. आणि एकदा गेली की मी पुन्हा कुणाच्या पाया पडणार नाही. विचार कर.

दरम्यान तुझ्या सरांना मी स्वतः पत्र टाकलं आहे. उत्तर त्यांचं यायला हवं, तुझं नाही.

ताई


२२ जानेवारी

सन्माननीय बाई,

आपलं पत्र आपल्या भावानेच मला वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा सध्या कामाचा नाही. बनेल, पोलीस वगैरे शब्द त्याने गाळले असावेत, पण मध्येच तो अडखळला त्यावरून मी ते ओळखले.

आपली शंका रास्त आहे. मी आपल्या जागी असतो तर मलाही आली असती. कापडाखालच्या कॅनव्हासबद्दल इतकंच सांगतो की तो माझा आहे, जुना आहे आणि विकायचा नाही. याहून जास्त मी कुणालाच सांगत नाही.

मुलगा बोलतो फार. माझ्या दृष्टीने तो त्याचा गुण आहे. त्याच्याइतकं नीट पाहून बोलणारा विद्यार्थी मला अलीकडे मिळालेला नाही. (हे मी घातलेलं नाही, ताई, ते म्हणाले.) फेब्रुवारीच्या अखेरीस संग्रहालयाच्या मोठ्या बाई आमचं काम पाहायला येणार आहेत. ते त्यांच्या पसंतीस उतरलं तर ही खोली आणि हा वर्ग आणखी एक वर्ष मिळेल. नाहीतर इथे पुन्हा मोडक्या खुर्च्या. तोवर त्याला राहू द्यावं, ही विनंती.

आपला,
त्याचा शिक्षक


२५ जानेवारी

प्रिय ताई,

सरांचं पत्र मिळालं असेल. आता तरी शांत हो. बाजाराचं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "रस्त्यात मी विचारात असतो." असतीलही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दारातल्या कोट अडकवायच्या खुंटीला "या, बसा" म्हटलं. मग हसले, मीपण हसलो. खुंटीवर माझा कोट होता म्हणा.

परवा माझी चांगलीच जिरली. वाऱ्यावरच्याचं कपाळ करत होतो. म्हटलं, "पिवळा, भरपूर, पूर्ण कपाळभर." सर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, "कावीळ झालीय का त्याला?"

"मूळ चित्रात पिवळंच आहे, सर."

"तो वॉर्निशचा पिवळा. दोनशे वर्षांचा धूर आणि धूळ त्यात मुरलीय. तू माणूस रंगव, धूर नको रंगवू. रुमालाची घडी बघ, चौकटीखाली दबलेली कड. तिथे वॉर्निश पोचलेलं नाही. खरा पांढरा तिथे आहे. त्यावरून हिशोब कर."

मी संग्रहालयात धावत गेलो. पहाऱ्यावरच्या बाई ओरडल्या, "इथे पळायचं नाही." चौकटीच्या कडेला नाक लावून पाहिलं, तर खरंच, नखाएवढी पांढरी रेघ. आजवर इतके जण त्या चित्रासमोरून गेले असतील, कुणाला दिसली असेल? सरांना ती पाठ आहे. पूर्ण चित्र पाठ आहे. डावी पापणी उजवीपेक्षा किंचित जड, कानाच्या पाळीवर ढगातला तांबूस उतरलेला, सगळं डोळे मिटून सांगतात.

इथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. ते माझ्या कॅनव्हासकडे बघतात कधी? आठवायला गेलो तर आठवेना. शाब्बास म्हणतात ते मी बोललो की. चूक पकडतात तीही बोलण्यातली. आणि जवळून बघतात तेव्हा मान वाकडी करून, चित्राच्या शेजारी काहीतरी ठेवलंय आणि तेच शोधतायत अशी. एक युक्ती सुचली आहे. करून बघतो, मग लिहितो.

भिंगरी


३ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझ्या सरांचं पत्र मिळालं. अक्षर तुझं आहे.

'श' ची शेंडी डावीकडे वळवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला आहे, आणि त्याला अक्षरं गिरवायला मीच बसवलं होतं. म्हणे चष्मा कामाचा नाही. एवढं सगळं चित्र पाठ असलेला माणूस, त्याला चार ओळी लिहिता येत नाहीत? आणि कंसातलं ते 'हे मी घातलेलं नाही'. चोराच्या मनात चांदणं. दाजी एवढे हसले की चहा सांडला. मला हसू आलं नाही.

माझ्यापुरता निकाल लागला. सर नाहीत, वर्ग नाही, कुठल्यातरी खोलीवर चार टवाळ पोरांसोबत पडलेला असशील आणि मला गुंतवायला ही गोष्ट रचत असशील. गोष्ट छान आहे. पांढऱ्या रेघेपाशी तर मी क्षणभर फसलेच होते. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी जुनी रीत आहे.

खोटं असेल तर खोटं लिही, मला राग येणार नाही. येईल, पण जाईल. काट्यावरची जागा अजून आहे. साहेबांनी कालही विचारलं, येतो का नाही तुमचा भाऊ. मी म्हटलं, येतो. तुझ्यासाठी मीसुद्धा खोटं बोलायला लागले आहे, एवढं ध्यानात ठेव.

ताई


१३ फेब्रुवारी
(वरचा पत्ता बघ. गॅरेज आहे. उत्तर इथे टाक.)

ताई,

जागा धर. मी येतोय.

युक्ती केली. गालाचं काम होतं, उजेडातल्या गालाचं. मी मोठ्याने म्हटलं, "तांबूस, चिमूटभर पांढरा घालून, गालाच्या उंचवट्यावर." आणि ब्रश घातला हिरव्यात. वाऱ्यावरच्याच्या गालावर तळहाताएवढा हिरवा पट्टा ओढला. शेवाळ लागल्यासारखा दिसत होता. सर दोन हातांच्या अंतरावर बसले होते, मान वाकडी करून कॅनव्हासकडे तोंड करून. म्हणाले, "छान. पुढे."

मी आणखी ओढला. म्हटलं, "थोडा अजून तांबूस." ते म्हणाले, "हं. आता सुकू दे."

ताई, त्यांना दिसत नाही. इतके दिवस मी त्यांच्या शाब्बासकीवर उड्या मारत होतो. ती शाब्बासकी माझ्या हाताला नव्हती, तोंडाला होती. आणि तोंड तर मला आधीपासून होतंच, त्यासाठी इतक्या लांब कशाला यायला हवं होतं? मी चांगलं काढतो की नाही हे जगात कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.

सर हात धुवायला बाहेर गेले तेव्हा मी कोपऱ्यातलं कापड उचललं. खाली वाऱ्यावरचाच आहे, मूळ मापाचा. कोट असा रंगवलाय की हात लावला तर लोकर लागेल. ढग, रुमाल, केस, सगळं. चेहरा मात्र नाही. चेहऱ्याच्या जागी नुसता खरवडलेला कॅनव्हास आहे, धागे दिसेपर्यंत. पुन्हा पुन्हा रंगवून पुन्हा पुन्हा सुरीने खरवडलेला. तू म्हणत होतीस तसला खोटा चेहरा असता तर बरं झालं असतं. मी कापड टाकलं, पिशवी उचलली आणि निघालो. निरोप घेतला नाही. काय सांगणार होतो?

इथे गॅरेजच्या माळ्यावर पडलोय. एक ट्रक तुमच्या बाजूला जाणार आहे, त्याच्या इंजिनाचं काम चाललंय. मेकॅनिक म्हणतो उद्या होईल, उद्या म्हणतो परवा. मी त्याला नट पुसून देतो. नटही बोलून पुसतो, तो वैतागला आहे.

तो हिरवा गाल तसाच राहिलाय. मोठ्या बाई महिनाअखेरीला येतील आणि सर मोठ्या अभिमानाने तो दाखवतील. त्यांचं ते बघतील. त्यांनी तरी मला कुठे सांगितलं होतं, दिसत नाही म्हणून?

हे सगळं खरं आहे. तू विश्वास ठेवणार नाहीस, तरी.

भिंगरी


१८ फेब्रुवारी

भिंगरी,

विश्वास ठेवला. तुला खोटी गोष्ट रचायची असती तर तीत तू शहाणा ठरला असतास.

आता ऐक. मला लोकांचा संशय घ्यायचा पगार मिळतो, पण एक रीत मीपण पाळते. खोकं उघडून पाहिलं आणि आत काही वावगं निघालं नाही, तर ते मी स्वतःच्या हाताने परत बांधून देते. उघडं टाकून घरी जात नाही. तू तसं केलंस. माणूस उघडून पाहिलास आणि तसाच टाकून आलास. वर त्याच्या भिंतीवर हिरवा गाल ठेवून, म्हणजे बाकीचं मोठ्या बाई करतील.

त्याने लपवलं, कबूल. ते मला आवडलेलं नाही आणि भेटला तर तोंडावर सांगेन. पण कावीळ कुणी ओळखली? पांढरी रेघ कुणी दाखवली? तुला फसवायचं असतं तर तुझ्या पिवळ्या कपाळालाही तो छानच म्हणाला असता. तू म्हणतोस तो तुझं तोंड ऐकत होता. अरे, मी तुझं तोंड जन्मापासून ऐकते आहे, मला कधी पांढरी रेघ सापडली नाही.

वजनकाट्यावरची जागा आज सकाळी मी डेपोतल्या ड्रायव्हरच्या मुलीला देऊन टाकली. महिना संपायच्या आधीच. साहेब म्हणाले, भाऊ येणार होता ना. म्हटलं, त्याचं एक काम अर्धं राहिलंय. म्हणजे आता इथे येऊन तुला बसायला जागा नाही, मधमाश्यांच्या पेटीशिवाय.

परत जा. गाल पूस. भांडायचं असेल तर समोर उभा राहून भांड.

ताई


२५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

परत आलो. तू माझी जागा दुसरीला दिलीस म्हणून राग आला होता, तो रस्त्यात उतरला. ट्रकचं इंजिन अजून तसंच आहे, मी बसने आलो.

सर खुर्चीत होते. मी दारात उभा राहिलो. तेच म्हणाले, "गप्प उभा आहेस, म्हणजे भांडायला आलायस."

म्हटलं, "गाल हिरवा आहे."

"माहीत आहे."

"कसं माहीत? तुम्हाला दिसत नाही."

"मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "जिथे बघायला जावं तिथे धुकं. कडेचं दिसतं. तुझा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, कान चांगले ओळखतो. मोठे आहेत. पॅलेटवर तांबडा अंगठ्याजवळ असतो, हिरवा पार टोकाला. तू तांबूस म्हणालास आणि कोपर टोकाला गेलं."

"मग छान का म्हणालात?"

"राखाडीवर हिरव्याचा पातळ थर दिला आणि तो सुकल्यावर तांबडा चढवला, तर कातडीखाली रक्त आहे असं वाटतं. जुने लोक मुद्दाम करायचे. मला वाटलं तुला आपोआप सुचलं."

म्हटलं, "सुचलं नव्हतं. तुमची परीक्षा घेत होतो."

"ते मला कसं कळणार? कोपर दिसतं, मन नाही दिसत."

ताई, हे खरं की माझ्यासमोर सावरून घेतलं, मला अजून कळलेलं नाही. उलटसुलट विचार केला. पण मग मी तांबडा पातळ केला, तेल घालून, आणि बोलत बोलत त्या हिरव्यावर चढवायला घेतला. अर्धा गाल झाला आहे. अर्ध्या गालावर वारा लागतोय असं वाटतं. मला स्वतःला वाटतं, कुणी शाब्बास म्हणायच्या आधी.

कापडाखालच्या चित्राचंही विचारलं. म्हणाले, मी विद्यार्थी होतो तेव्हा मापाचा नियम नव्हता. कोट आधी केला, ढग केले, चेहरा शेवटी करू म्हणून ठेवत गेलो. चेहरा अवघड, म्हणून नेहमी पुढच्या वर्षी. मग मधलं दिसेनासं झालं. म्हणून तुला चेहरा आधी दिला. हे सांगताना ते कापडाची सुरकुती नीट करत होते. मी दुसऱ्या बाजूचं टोक धरलं.

आता खरी अडचण, आणि यात मला तुझा सल्ला हवाय. प्रत्येक नक्कल शिक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी तपासली आहे, असं इथे लिहून द्यावं लागतं. तसा नियमच आहे, म्हणजे नक्कल खरी म्हणून कुणी विकू नये. सरांचं डोळ्यांचं कळलं तर लिहून द्यायला ते चालणार नाहीत, आणि खोली जाईल. म्हणून ते म्हणतात, मोठ्या बाई येतील तेव्हा तू माझ्या डाव्या हाताला उभा राहा. त्या बोट कुठे ठेवतात ते मला हळूच सांग. बाकी मी बोलतो, चित्र मला पाठ आहे.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कुजबुजलो तर वर्ग वाचेल, मला आणखी एक वर्ष मिळेल, आणि देवाशपथ मला ते हवंय. इतकं मला आजवर काहीच हवंसं वाटलं नव्हतं, मधमाश्यासुद्धा नाहीत. पण मग मी कायम त्यांच्या कानाशी कुजबुजत राहणार आणि प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याचा संशय घेत राहणार, याला कळलं का, त्याला कळलं का. तुझ्या खिडकीवरचं काम मला घरबसल्या लागेल. आणि खरं सांगितलं तर एका माणसाची खोली माझ्या तोंडाने जाईल. आज रविवार आहे, त्या बुधवारी येणार आहेत. तुझं उत्तर तोवर पोचणार नाही हे लिहिता लिहिता लक्षात आलं, तरी लिहितोय. तू काय म्हणशील ते

थांब. दार वाजलं.

ताई, मोठ्या बाई आल्या आहेत. एकट्या, पायात साध्या चपला, हातात भाजीची पिशवी. बाजारातून जाता जाता डोकावल्या, बुधवारी सगळे लोक असतात, नीट बघता येत नाही, असं म्हणाल्या. पहाऱ्यावरच्या बाईंनाही पत्ता नव्हता. आत्ता त्या माझ्या चित्रापुढे उभ्या आहेत, पाठ माझ्याकडे आहे, म्हणून खिडकीपाशी या चार ओळी खरडतोय. पिशवी खाली ठेवून गालाजवळ वाकल्या. मग मागे न वळता विचारलं, "गालाचा हा अर्धा भाग कसा साधला रे? कुणी शिकवलं?"

सर आतल्या मोरीवर ब्रश धुतायत. पाण्याच्या आवाजात त्यांनी अर्धवट ऐकलं आणि विचारलं, "कोण आलंय?"

आता ते बाहेर येतील, दाराची चौकट चाचपत, आणि बाई वळतील. मी त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहणार नाही. मोठ्या आवाजात सांगणार आहे, कोण आलंय, कुठे उभ्या आहेत, कशाकडे बघतायत, आणि गाल कुणी शिकवला ते. दोघांनाही सारखंच ऐकू जाईल असं.

पत्र असंच टाकतो.

भिंगरी